ऊद आणि पुरात आलेला निवडुंग

सागाच्या एका जंगलात, नदी जिथे काळ्या खडकाला वळसा घालून पुढे जाते तिथे, एक ऊद आपल्या बायकोसोबत राहत असे. मुलांनो, ऊद म्हणजे पाणमांजर. अंगावर दाट चकचकीत केस, बोटांमध्ये पडदे आणि सगळा जन्म पाण्यात. या उदांच्या घरात एक रीत होती. ज्याच्यावर माया, त्याला भिजवायचे. नदीतून वर आलेला ऊद पिल्लांपाशी जाऊन अंग झटके. पाहुणा आला, तर आधी त्याच्यावर तोंडभर पाणी सोडी आणि मग ‘बसा’ म्हणे. कोरड्या अंगाने कुणाला भेटायला जाणे म्हणजे त्यांच्यात रुसल्याची खूण.

एका पावसाळ्यात नदीला पूर आला. वरच्या गावातून केरसुण्या, भोपळे, एकेकट्या चपला असे काय काय वाहत आले. त्यात एक लाकडी खोके होते आणि खोक्यात मातीची लहान कुंडी. कुंडीत मोसंब्याएवढा गोल, काटेरी निवडुंग. उदाच्या बायकोने पुरात उडी घेऊन ते खोके काठाला ओढले.

“एवढ्या पाण्यात जीव घातलास, तो या काटेरी गोळ्यासाठी?” ऊद म्हणाला. “मासा तरी आणायचा.”

“मासे तुम्ही आणताच की,” बायको म्हणाली. “हे कुणीतरी घरात सांभाळलेलं आहे हो. कुंडी बघा, कशी रंगवली आहे.”

तिने कुंडी बिळाबाहेर, खडकाच्या पुढे आलेल्या कडेखाली ठेवली. तिथे सकाळचे ऊन येई, पाऊस मात्र येत नसे. ऊद दिवसभर मासे धरत असे. बायको त्या झाडाचे काय करते, हे त्याने कधी पाहिले नाही. ती रोज पाणी घालत असणार, असे तो धरून चालला होता. मायेच्या वस्तूला आणखी काय करतात?

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा निवडुंगाच्या बाजूला काहीतरी मऊ, चोळामोळा झालेले लोंबत होते.

“आज फुललं होतं,” बायको म्हणाली. “एकच दिवस राहिलं. तुम्हाला किती हाका मारल्या!”

“कसं होतं?”

“छे, मला नाही सांगता येणार. पुढच्या वर्षी मासे राहू द्या आणि इथे बसा.”

“बसेन,” ऊद म्हणाला.

त्याच वर्षी, पाऊस सरता सरता, ती नदीत गेली आणि परत आली नाही. उदाने दोन्ही काठ पालथे घातले. खालच्या डोहापर्यंत जाऊन आला. मग त्याने शोधणे थांबवले आणि तो पुन्हा मासे धरू लागला. शेजारीपाजारी म्हणाले, सावरला बरे का लवकर. त्याला आता एकाच गोष्टीची आस होती. तिने एकटीने पाहिलेले ते फूल त्याला एकदा पाहायचे होते.

म्हणून त्याने कुंडी उचलून बिळात आणली आणि बायको निजत असे त्या जागी, मऊ गवतावर ठेवली. वारा लागू नये म्हणून बिळाचे तोंड पानांनी अर्धे झाकले. आणि रोज सकाळी नदीतून तोंडभर पाणी आणून तो निवडुंगावर सोडू लागला. एकदा सोडले की मन भरत नसे, म्हणून पुन्हा जाई.

हिवाळ्यात निवडुंग फिका पडला. त्याचा गोल आकार जाऊन तो शेंड्याकडे निमुळता झाला, अंधारात कुणाला तरी शोधत असल्यासारखा एका बाजूला कलला. ऊद घाबरला. वाळूवर राहणाऱ्या टिटवीला त्याने बोलावले. टिटवी मनाने चांगली, पण बारीकसारीक गोष्टीवरून सारा काठ डोक्यावर घेणारी.

“अगंबाई! काय हे! अगंबाई!” ती बिळाच्या तोंडाशीच ओरडू लागली. “भावजी, हे तहानलंय हो! पाणी घाला, पाणी! मी काय करते, ऊन वाढलं की पोटाची पिसं भिजवून अंड्यांवर बसते. माझी पोरं बघा कशी तुरुतुरु पळतात!”

“मी रोज घालतो.”

“मग दुप्पट घाला! बायकोच्या हातचं झाड ना? हात आखडता घेऊ नका!”

उदाने दुप्पट पाणी घातले. थोड्याच दिवसांत निवडुंगाचे बूड तपकिरी झाले. बोट लावले तर आत रुतले आणि कुजल्याचा वास आला.

तेव्हा ऊद माळावर निघाला. निवडुंगाबद्दल कुणाला ठाऊक असलेच, तर ते माळावर राहणाऱ्या घोरपडीला. नदीचा जीव तो. तापलेल्या मुरुमावर त्याचे पंजे पोळले, अंगावरचे पाणी वाटेतच वाळून गेले. घोरपड दगडावर ऊन खात पडली होती. फटकळ म्हणून तिची ख्याती होती.

“काय रे नदीवाल्या, वाट चुकलास?”

उदाने सगळे सांगितले. कुंडी, बीळ, गवत, पाणी. घोरपडीने डोळे न उघडताच विचारले, “मारायचंच होतं, तर नदीत का नाही बुडवलंस? लवकर सुटलं असतं.”

“मावशी,” ऊद म्हणाला, “ते माझ्या बायकोचं आहे.”

घोरपडीने डोळे उघडले. ती दगडावरून उतरली आणि त्याच्या पुढे चालू लागली.

बिळात येऊन तिने निवडुंगाला जिभेने चाचपले. “शेंडा अजून धड आहे. खालचं सगळं गेलं. दात आहेत ना तुला? मग तोड.”

“तोडू?”

“मी तोडते, हो बाजूला.”

“नको,” ऊद म्हणाला. “मीच तोडतो.”

काटे ओठात घुसले, रक्त आले, पण त्याने हिरवा शेंडा कुजक्या बुडापासून वेगळा केला. आता पटकन ओल्या मातीत लावू, म्हणून तो वळला, तोच घोरपडीने शेपटी आडवी टाकली.

“पडू दे तसाच. बाहेर, त्या कडेखाली. जखम वाळून टणक होऊ दे. मग कोरड्या वाळूत उभा कर.”

“आणि पाणी?”

“मुळं धरल्यावर. तेही माती अगदी कोरडी झाली तरच. थंडीत तर नकोच. ऊन खाऊ दे, गारवा सोसू दे, तेव्हा कुठे त्याच्या मनात फुलायचं येतं. आणि कळी धरली की कुंडी हलवू नकोस, गळून पडेल.”

“मग मी त्याच्यासाठी करायचं काय?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“जमेल का ते बघ,” घोरपड म्हणाली आणि माळाकडे निघून गेली.

मुलांनो, पाणी आणणे उदाला सोपे होते. न आणणे फार जड गेले. सवयीने तो रोज सकाळी तोंडभर पाणी घेऊन वर येई. कडेखाली तो एवढासा तुकडा उघडा पडलेला दिसे, सुरकुतलेला, केविलवाणा. ऊद समोर उभा राही. गाल फुगलेले. मग ते पाणी तो गिळून टाकी आणि परत फिरे. काठावरचे टोमणे मारत, “बायको गेली, आता झाडालाही तहानेने मारतोय.” टिटवी तर समोरच म्हणाली, “दगडाचं काळीज हो तुमचं, भावजी!” त्यावर ऊद एवढेच म्हणाला, “असेल.”

तुकड्याची जखम वाळली. कुंडीत भरलेल्या कोरड्या वाळूत त्याने मुळे धरली. मग माती हाताला कोरडी ठणठणीत लागली की ऊद त्याला ओंजळभर पाणी देई, त्याहून अधिक नाही. एक हिवाळा असाच गेला. उन्हाळा आला तो फुलाविना गेला. ऊद कडेखाली बसून राहिला आणि उठला. दुसऱ्या हिवाळ्यात निवडुंग पुन्हा गोल, गर्द हिरवा झाला होता, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याच्या बाजूला एक केसाळ, करडी गाठ दिसली. दिवसेंदिवस ती लांबत गेली. उदाने कुंडीला बोट लावले नाही.

एका सकाळी तो नदीतून निथळत वर आला आणि काही अंतरावरच थबकला. फूल उमलले होते. फिकट गुलाबी, लांब देठाचे, निवडुंगाहूनही मोठे. आणखी एक झेप, एक झटका, आणि रीतीप्रमाणे सारे पाणी त्या फुलावर उडाले असते. त्याचे पाय तसे उचललेही होते. पण तो मागे सरला आणि खडकावर उन्हात जाऊन बसला.

टिटवी धावत आली. “अहो, फुललं! जा की! संध्याकाळी मिटेल ते! बसलात काय असे?”

“अंग ओलं आहे,” ऊद म्हणाला.

त्याचे केस दाट होते. वाळायला फार वेळ लागला. ऊन वर चढले, नदीत मासे उड्या मारू लागले, आणि फुलाच्या त्या एकुलत्या एका दिवसातला मोठा तुकडा तो दुरूनच पाहत राहिला. शेवटचा केस सुकला तेव्हा तो उठला, हळूच कडेखाली गेला आणि कोरड्या अंगाने त्या फुलाजवळ बसला. इतक्या जवळ, की एक पाकळी त्याच्या गालाला लागत होती.

बराच वेळ टिटवीने दम धरला. मग तिने वाळूवरूनच विचारले, “भावजी, मी येऊ का बघायला?”

“ये,” ऊद म्हणाला. “आधी पोट वाळवून ये.”

टिटवी पंख पसरून उन्हात उभी राहिली. मग ती आली आणि त्याच्या शेजारी बसली, आणि त्या काठाने पहिल्यांदाच तिला इतका वेळ गप्प पाहिले. फूल मिटेपर्यंत दोघांपैकी कुणीही नदीकडे गेले नाही.

तात्पर्य : जीव लावला की आपल्याला जे द्यावेसे वाटते तेच आपण देत सुटतो, पण समोरच्याला काय हवे ते ओळखून कधी कधी आपला हात आवरणे, हीच खरी माया.