चेहरा जुळत नाही

अंगणवाडीच्या मोबाईलला नवं अपडेट आलं आणि वर्षालीची पंचाईत झाली. आता आईचा चेहरा मोबाईलमध्ये जुळला, तरच लेकराच्या खाऊचं पाकीट मिळणार होतं. तिचा फोटो होता गरोदरपणातल्या नवव्या महिन्यातला, गाल सुजलेले. आता जागरणं करून ते पार बसले होते. मोबाईलवर तीनदा तेच उमटलं, चेहरा जुळत नाही. आठ महिन्यांची लेक आधीच वजनात कमी भरलेली. पाकीट हुकलं तर महिनाभर तिला काय चारायचं?

सेविका शेवंताताई हळूच म्हणाल्या, "साहेब, मी ओळखते हिला. माझ्याच गल्लीतली आहे."

तपासणीला आलेले रणपिसेसाहेब गुरकावले, "तुमच्या ओळखीला कोण विचारतं? मोबाईल चुकत नसतो. फोटोशी जुळत नाही, म्हणजे ती बाई ही नव्हेच!"

वर्षाली लेकीला सावरत पुढे झाली. तेवढ्यात कडेवरच्या लेकीनं साहेबांच्या गळ्यातलं ओळखपत्र ओढलं. त्यातल्या फोटोत दाट केस होते, झुपकेदार मिशी होती. समोर मात्र टक्कल चकाकत होतं आणि मिशीचा पत्ताच नव्हता.

भीतभीतच ती बोलली, "साहेब, तुमचाबी चेहरा या फोटोशी जुळवून बघू. जुळला तर मी मुकाट घरी जाते. नाही जुळला, तर ते साहेब तुम्ही नव्हेच. मग मला नाही म्हणणारे तुम्ही कोण?"

बायका पदराआड खुदखुदल्या. साहेबांनी टकलावरून हात फिरवला. "ताई, हिचा नवा फोटो काढा. आणि आधी पाकीट द्या."

पुढच्या तपासणीला साहेब आले, ते ओळखपत्र खिशात घालूनच.