राहीचा हात

नदीचं पात्र आजच्याहून दुप्पट रुंद होतं, तेव्हाची ही गोष्ट. काठावरच्या कुंभारवाड्यात राही नावाची कुंभारीण राहत असे. तिच्या मडक्याला कधी तडा गेला नाही, असं म्हणतात. तिची लेक रंगी आठ वर्षांची झाली, तरी बोलत नव्हती. पण रंगीची भुवई हलली की राही सांगे, "पाणी हवंय." ओठ मुडपले की सांगे, "रुसलीय." सगळा वाडा विचारी, "राहीबाई, काय म्हणतेय पोर?" आणि राहीची मान ताठ होई.

मग देवळाच्या ओसरीत शाळा भरवणाऱ्या अंबूताईंनी रंगीला शाळेत बसवलं. त्यांनी मातीच्या चकत्या भाजून घेतल्या. एकेकीवर एक चित्र: पाणी, नाक, हसू, नको. रंगी बोट ठेवी आणि सगळ्यांना कळे.

एके दिवशी पोरं ओरडत आली, "राहीकाकू, रंगीला भेंडी मुळीच आवडत नाही!"

इतकी वर्षं राही तिला भेंडी भरवत होती. ती आतून पेटली. "ताईला स्वतःचं लेकरू नाही, म्हणून माझं पळवते!" तिने चकत्या घरी आणल्या, मुसळाने कुटून त्यांचा भुगा केला आणि रंगीची शाळा बंद केली.

तिसऱ्या दिवशी रंगी रडू लागली. राही म्हणाली, "भूक लागलीय." भाकरी दिली, रडणं थांबेना. "दृष्ट लागलीय." मीठमोहऱ्या ओवाळल्या, तरी थांबेना. वाडा दारात जमला. "काय म्हणतेय पोर?" राहीने तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच तिला काही सांगता येईना.

तेव्हा रंगीने ओल्या मातीचा गोळा चपटा केला, त्यावर बोटाने कान काढला आणि त्या मातीच्या कानात काडी खुपसली. राहीने तिच्या कानात कोमट तेल सोडलं. किडा बाहेर आला.

राहीने लगेच भट्टी लावली. एका गोळ्यातून हजार चकत्या निघाल्या, असं म्हणतात. लाकूड न घालता भट्टी सात दिवस धगधगली, आणि कुणी न कोरलेली चित्रंही चकत्यांवर उमटली.

टोपली डोक्यावर घेऊन ती ओसरीत गेली. पाटलांनी सवयीने विचारलं, "राहीबाई, काय म्हणतेय पोर?"

उत्तर राहीच्या ओठांवर आलं होतं. तिने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. इतका वेळ दाबला, की हातावरची ओली माती वाळून गळून पडली, असं म्हणतात. रंगीने सावकाश चकत्या निवडल्या: तंबाखू, नाक, नको. पाटील दोन पावलं मागे सरले आणि ओसरी खदखदून हसली.

राहीचा हेवा गेला, असं मात्र कुणी सांगत नाही. रंगी अंबूताईंकडे बघून हसली की राही बाहेर जाऊन माती तुडवी. तिथली माती म्हणूनच इतकी मऊ आहे म्हणे.

आजही त्या गावात न बोलणारं मूल शाळेत आलं की आधी त्याच्यापुढे चकत्या मांडतात. त्याला काही विचारलं की आई, मास्तर, शेजारची पोरं, सगळे तोंडावर हात ठेवून थांबतात. कितीही वेळ लागो. याला 'राहीचा हात' म्हणतात. आणि एखाद्या आईला अगदीच राहवलं नाही, तर तिने दुसराही हात ठेवायचा, अशी तिथली रीत आहे.