धाकट्याची चाचणी

फार मागची गोष्ट नाही, पण लोक विसरले म्हणून सांगतो. एका रक्तपेढीत दोन संगणक होते, थोरला आणि धाकटा. कुठल्या गावात कुठलं रक्त आहे, ते थोरला अख्ख्या जिल्ह्याला सांगायचा. नवा प्रोग्राम आला की आधी धाकट्यावर चालवून बघायचे आणि त्याला झेपला की मग थोरल्यावर चढवायचे.

एकदा असाच नवा प्रोग्राम आला. धाकट्यात मूठभर नोंदी घातल्या, चार जणांनी बटणं दाबली. प्रोग्राम वाऱ्यासारखा पळाला आणि धाकट्याच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

धाकटा म्हणाला, "साहेब, मला दादाएवढं बळ द्या, दादाएवढं ओझं द्या, मग झेपतं का विचारा."

पेढीचे टिळेकरसाहेब हसले. "अरे, चार माणसांच्या भाताला लग्नाचं पातेलं कशाला?"

"पण साहेब, उद्या लग्नच जेवायला बसणार आहे ना?"

"बघा, डबासुद्धा शहाणपण शिकवायला लागला!" म्हणत साहेबांनी प्रोग्राम थोरल्यावर चढवला.

तिसऱ्या दिवशी घाटात बस उलटली. साऱ्या दवाखान्यांनी एकदमच रक्त विचारलं आणि थोरला जागीच थिजला. रक्ताच्या पिशव्या कपाटात गार पडून होत्या, पण कुठल्या गावच्या कपाटात ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

"धाकट्या, झेपतं म्हणालास ना रे?" थोरला पुटपुटला.

"दादा, मला चौघांचंच विचारलं होतं."

बाहेर फोन वाजत राहिले. धाकट्याच्या पडद्यावर हिरवी अक्षरं अजून तशीच होती : चाचणी पास.