कोरडी करवंटी

चूक मोठ्या गुरुजींची होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण असल्या गोष्टीत शेवटी बोट पोरांकडेच वळतं.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, गावाला एक शाळा होती आणि शाळेला हे मोठे गुरुजी होते. त्यांचं शिकवणं म्हणजे फळा आणि घोकंपट्टी. "रोपाला काय लागतं?" असं त्यांनी विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "हवा, पाणी, सूर्यप्रकाश!" पोरांच्या आईबापांनीही याच खोलीत हेच ओरडलं होतं. बी उगवताना मात्र त्या खोलीत कुणीच पाहिलं नव्हतं. भिंग, लोहचुंबक, तराजू असं सगळं साहित्य होतं, पण ते कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली गुरुजींच्या जानव्याला. पोरांनी हात लावला तर खराब होईल ना! साहेब तपासायला आले की कपाट उघडायचं, साहेब गेले की बंद.

मग त्या शाळेत नव्या बाई आल्या. त्यांनी कपाटाकडे बघितलंही नाही. पोरांना करवंट्या आणायला लावल्या, दोऱ्या बांधल्या, काठी अडकवली आणि तराजू तयार! एका पारड्यात चिंचोके, दुसऱ्यात खडे. पारडं खाली गेलं की पोरं अशी ओरडायची की रस्त्यावरची म्हैस थांबून बघायची. सुतळीनं व्हरांडा मोजला, सावलीवर खडूनं खुणा केल्या. पोरं शाळा सुटली तरी घरी जाईनात.

एके दिवशी बाईंनी तीन करवंट्या खिडकीत ठेवल्या. तिन्हींत माती, तिन्हींत चवळीचा एकेक दाणा.

"हिला पाणी आणि ऊन दोन्ही," बाई म्हणाल्या. "हिला पाणी द्यायचं, पण वरून मडकं पालथं. आणि या तिसरीला ऊन द्यायचं, पण पाण्याचा थेंब नाही. काय होईल?"

"तिसरी मरणार!" सोपान ओरडला. सोपान सगळं ओरडूनच सांगायचा.

"कशावरून?"

"गुरुजी सांगतात म्हणून!"

"मग बघू या, गुरुजी खरं सांगतात का. कोरडी करवंटी कोण सांभाळणार?"

बकुळानं हात वर केला. बकुळा म्हणजे गल्लीतल्या कुत्र्यालाही वाटीत पाणी ठेवणारी पोर. तिच्यासाठी हे काम सोपं नव्हतं. पहिल्या करवंटीत हिरवा आकडा मातीतून वर आला तेव्हा पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बघत होती. मडक्याखालचं रोप लांबच लांब आणि पिवळं निघालं, तेव्हा सोपान म्हणाला, "बाई, याला कावीळ झाली!" आणि बाईंनाही हसू आवरेना. बकुळाची करवंटी तेवढी गप्प होती. ती रोज कोरड्या मातीत बोट घालून दाणा चाचपायची. कडक. टणक.

"थोडी कळ काढ," ती त्याला हळूच म्हणायची. "प्रयोग संपला की पहिलं पाणी तुलाच. माझ्या हातनं."

तेवढ्यात खबर आली, उद्या साहेब येणार. गुरुजींनी शाळा झाडून घेतली, कपाटातली भिंगं पुसून घेतली आणि पोरं घरी गेल्यावर शेवटची नजर फिरवताना खिडकीशी थबकले. एक रोप चांगलं. मडकं उचललं, तर खाली एक पिवळं, आडवं पडलेलं. आणि एका करवंटीत नुसती माती.

"साहेबांना हे दाखवायचं?" ते स्वतःशीच म्हणाले. "मेलेलं रोप आणि न उगवलेलं बी? काय म्हणतील, यांना साधी चवळी उगवून आणता येत नाही!"

इतकी वर्षं 'पाणी लागतं, ऊन लागतं' असं ज्या माणसानं घोकून घेतलं, त्याचंच म्हणणं त्या दोन करवंट्या खरं करून दाखवत होत्या. पण गुरुजींना दिसलं ते फक्त वाईट दिसणारं. ते आपल्या परसात गेले, दोन टवटवीत रोपं मुळांसकट उपटली, पिवळं रोप काढून टाकून ती त्या दोन करवंट्यांत लावली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. मडकं कोपऱ्यात सारलं. मग हात धुतले आणि समाधानानं घरी गेले.

सकाळी वर्गात जो कल्ला झाला!

"उगवलं! बिनपाण्याचं उगवलं! कावीळवालंही बरं झालं!" सोपान बाकावर उभा राहून नाचत होता. "गुरुजी इतके दिवस खोटं सांगत होते! पाणीबिणी काही लागत नाही!"

बकुळा धावत करवंटीशी आली. तिचा दाणा उगवला! क्षणभर तीही उड्या मारायला लागली. मग सवयीनं तिनं मातीत बोट घातलं आणि बोट ओलं झालं. तिचं तोंड एवढंसं झालं.

ती काही बोलणार, एवढ्यात साहेब आत आले, मागे गुरुजी.

"काय रे, रोपाला काय काय लागतं?" साहेबांनी विचारलं.

"हवा आणि सूर्यप्रकाश!" पोरं ओरडली. "पाणी लागत नाही!"

गुरुजींचा चेहरा पडला. "अरे गाढवांनो! काय पाठ करून घेतलं होतं?"

"पण साहेब, ही बघा की! हिला थेंबभर पाणी नाही, तरी केवढं रोप आलं एका रात्रीत!" सोपाननं करवंटी थेट साहेबांच्या नाकासमोर धरली. गढूळ पाणी साहेबांच्या बुटावर ठिबकलं.

"ही तर ओली आहे," साहेब म्हणाले. "कोण सांभाळत होतं ही?"

सगळ्यांनी बकुळाकडे बघितलं.

गुरुजींनी तेव्हा खरं सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरेसं होतं. पोरं हसली असती आणि दुपारपर्यंत विसरली असती. गुरुजी म्हणाले, "हिनंच घातलं असणार चोरून पाणी. हिला मी ओळखून आहे. सगळ्या वर्गाची मेहनत वाया घालवली कार्टीनं."

"मी नाही घातलं," बकुळा म्हणाली.

"उलट बोलतेस? वर्गाबाहेर उभी राहा!"

ती गेली नाही. तिचे डोळे भरून आले होते, पण पाय हलले नाहीत. बाई तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "बोलू नकोस, बकुळा," त्या म्हणाल्या. "करून दाखव."

बकुळानं करवंटी सोपानच्या हातातून घेतली आणि फरशीवर पालथी केली. चिखलात बोटं घातली. रोपाच्या मुळांच्या खाली, तळाशी, तिला तो सापडला. पांढरा, काळ्या डोळ्याचा, एका रात्रीच्या पाण्यानं टम्म फुगलेला चवळीचा दाणा.

"हा माझा दाणा. हा उगवलाच नाही, मग हे रोप कुणाचं?"

पोरं गुडघ्यांवर बसली. त्यांनी पहिल्या करवंटीतल्या चवळीचं पान या पानाशेजारी धरलं. चवळीचं निमुळतं, हे रुंद. इतके दिवस त्यांनी ते पान नाक लावून पाहिलं होतं.

"हा घेवडा आहे!" सोपान ओरडला. आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "घेवडा तर फक्त गुरुजींच्या परसात आहे."

ते गावातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. तिथली शेंग तोडताना प्रत्येकाचा कान पिळला गेला होता.

बाई म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हीच सांगा आता." गुरुजी छताकडे बघत राहिले. साहेबांनी घसा खाकरला, 'शाळा नीटनेटकी आहे' असं म्हटलं, चहा घेतला आणि निघून गेले. मोठी माणसं मोठ्या माणसांना अशीच सांभाळून घेतात. बकुळाला कुणी 'चुकलं' म्हणालं नाही.

तिनं तो दाणा पुन्हा मातीत खोचला. पहिलं पाणी तिच्या हातनं मिळायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून तिनं दुसरं दिलं. आणि तो उगवला! पोरांनी इतक्या टाळ्या पिटल्या की शेजारचा वर्ग धावत आला.

गुरुजींची नोकरी चालूच राहिली. पण ते म्हणाले की बारा वाजले, तर पोरं व्हरांड्यात जाऊन सावली बघून यायची. ते म्हणाले की उद्या सुट्टी आहे, तर दुसऱ्या दिवशी सगळी शाळा कुलूप बघायला फाटकाशी हजर. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी खरोखरच डोळे पुसले. "बाळांनो," ते म्हणाले, "तुमच्यावर माझा फार जीव होता."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. हे तपासायचं कसं, ते कुणालाच कळेना.

तात्पर्य, आणि हे फक्त मोठ्यांसाठी, पोरांना ते कधीच कळलंय: न उगवलेलं बी पोरांना खुशाल दाखवा, तेही शिकवतं. पण खोटं रोप लावून आळ पोरावर घातलात, तर पुढे तुमचं खरंही कुणी खरं मानणार नाही. गुरुजींचं कुणी मानलं नाही.