छत्रीवर छत्री

लोकगीत संग्रहालयाचे संचालक राजोपाध्ये यांना आपल्या बॅकअपचा भारी अभिमान. रेकॉर्ड केलेल्या प्रत्येक गाण्याचे शेकडो तुकडे करून ते दूरच्या शहरात ठेवलेले. कुठला तुकडा कुठल्या गाण्याचा, ही नोंद मात्र इथल्याच एका संगणकात.

तो संगणक सांभाळणारी वृंदा भर बैठकीत म्हणाली, "साहेब, या नोंदीचीही एक प्रत बाहेर ठेवू या."

"बॅकअपचा बॅकअप? म्हणजे छत्रीवर छत्री!" साहेब म्हणाले, आणि सगळे हसले.

पुढे एका शॉर्टसर्किटमध्ये तो संगणक जळाला, आणि शेजारच्या कपाटातली मूळ रेकॉर्डिंगही.

"पण बॅकअप सुरक्षित आहे ना?" साहेबांनी चाचरत विचारलं.

"आहे ना, साहेब," वृंदा म्हणाली. "इतका सुरक्षित, की आता आपल्यालाही सापडणार नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. वृंदाही नाही. त्या तुकड्यांत सोनाबाईंच्या ओव्या होत्या, आणि पुन्हा गायला सोनाबाई उरल्या नव्हत्या.