रिळातला शेवटचा फोटो

कोकणच्या एका निवांत किनाऱ्यावर धाकू नावाचा म्हातारा होडीवाला राहत असे. समोर पाण्यात जुना किल्ला होता. आल्यागेल्याला होडीने किल्ला दाखवून आणणं, हे त्याचं काम.

कॅमेऱ्यात रीळ घालायचे ते दिवस. एकदा शहरातून विद्याधर नावाचा फोटोग्राफर आला. माणूस वाईट नव्हता, पण कामात भारी हट्टी. किल्ल्याच्या फोटोत माणूस दिसता कामा नये, असा त्याचा नेम. त्या दिवशी होडीत धाकूची बायको सगुणाही येऊन बसली. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळला होता. आज एवढ्या नटून का आलात, असं काही विद्याधरने विचारलं नाही.

दिवसभर त्याने तट टिपले, बुरूज टिपले, भिंतीवरचं शेवाळही सोडलं नाही. संध्याकाळी रिळात एकच फोटो उरला. सगुणा किल्ल्याच्या दरवाजाच्या पायरीवर बसली होती.

धाकू अवघडून म्हणाला, "सायबानू, हिचो एक फोटो काढा मां. घरात हिचो एकव फोटो नाय."

"पुढच्या खेपेला नक्की काढतो," विद्याधर म्हणाला. "आत्ता ऊन चाललंय. बाई, तुम्ही जरा त्या तटामागे जाऊन बसता का?"

सगुणा ओशाळली. पदर सावरत उठली आणि तटामागे जाऊन बसली. रिळातला तो शेवटचा फोटो फार सुरेख आला.

वर्षाने विद्याधर परत आला. दिलेला शब्द तो विसरला नव्हता, एवढं माप त्याच्या पदरात घालायला हवं. सगुणासाठी त्याने खास एक कोरं रीळ आणलं होतं. शिवाय तो सुरेख फोटो चौकटीत बसवून भेट म्हणून आणला होता.

धाकू पडवीत एकटाच बसला होता. सगुणा पावसाळ्यात तापाने गेली होती. विद्याधरने चौकट पुढे केली.

धाकूने फोटोतल्या तटावरून बोट फिरवलं. मग त्याने तो भिंतीवर टांगला, परसातली फुलं आणून हार गुंफला आणि फोटोला घातला.

"अहो धाकूदादा, हा तर नुसता किल्ला आहे," विद्याधर कसाबसा म्हणाला.

"ह्या तटाच्या मागे बसलली आसा ती, सायबानू," धाकू म्हणाला. "तुमीच बसवलास तिका."

तात्पर्य: दगड उद्यापर्यंत थांबतो, माणूस थांबेलच असं नाही, म्हणून माणसाचं मागणं आधी पुरवावं.