टेंबेसाहेब आहेत का?

“...बरं, समोरच्यानं ‘हॅलो’ म्हटलं. मग तुमचा पहिला शब्द कोणता?”

राजमतीअक्कांनी हेच विचारलं होतं का, याची उकिडव्यांना आता खात्री देता येत नाही. ‘पहिला शब्द कुणाचा?’ असंही विचारलं असेल. बावीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी मनात इतक्यांदा घोळवली आहे, की अक्कांचे शब्द कुठले आणि आपण मागाहून घासूनपुसून बसवलेले कुठले, हे त्यांना उमगत नाही. भाषाशास्त्रातली डॉक्टरेट अशा वेळी काही कामाला येत नाही.

आपलं उत्तर मात्र त्यांना पक्कं आठवतं.

“नाव,” ते म्हणाले होते. “ग्राहकाचं नाव. स्वतःचं नाव कानावर पडलं की माणूस फोन ठेवत नाही. पान एक, ओळ पहिली.”

“आणि ठेवला तर?”

“ठेवत नाही.”

“ठेवतात की हो, मास्तर. आमची निर्मला सांगते. रोज शंभर ठेवतात.”



निर्मला बोरगावे ही त्यांच्या हाताखालच्या सहा मुलींपैकी एक. सांगलीतल्या एका दुकानदाराकडे त्या सहाजणी दिवसभर फोन फिरवत आणि उकिडव्यांनी लिहून दिलेले संवाद वाचत. विकायची होती कानाची यंत्रं. महिन्याला दहा होकार यावेत अशी मालकाची अट होती. नऊ आले होते. शनिवारपर्यंत दहावा आला नाही तर फोनचं टेबल बंद, आणि ‘सोमवारपासून येऊ नका’ हे सहाजणींना सांगायचं कामही उकिडव्यांचंच. शनिवार परवावर आला होता.

निर्मलाच म्हणाली, “सर, आमच्या अक्कांना एकदा दाखवा की. चौतीस वर्षं मिरजेला टेलिफोनात ट्रंक कॉल जोडायला होत्या. माणसं अजून त्यांच्याकडं जाऊन बसतात.”

बसतात म्हणजे खरोखर नुसती बसतात. घरातलं माणूस गेलं, मुलगा परागंदा झाला, की लोक येऊन अक्कांसमोर तासभर बोलतात आणि हलके होऊन जातात. अक्का काही बोलत नाहीत अशी ख्याती. गावातल्या जैन मंदिरामागं त्यांची एकच खोली. खोलीत चटई, पाण्याची कळशी आणि लोखंडी ट्रंकेवर ठेवलेला काळा फोन.

उकिडवे शिकायला गेले नव्हते. एका म्हातारीचं शिफारसपत्र मिळालं तर मालक ऐकेल, एवढाच त्यांचा हिशेब होता.

“वाचा की,” अक्का म्हणाल्या. “ऐकते.”

उकिडव्यांनी वाचलं. ‘नको’ म्हणाले तर पान तीन. ‘कोण बोलतंय?’ म्हणाले तर पान चार. आधी तीन लहान प्रश्न, ज्यांना ‘हो’शिवाय उत्तरच नाही, आणि मग चौथा, खरा. जागोजाग कंसात सूचना होत्या. इथे दोन सेकंद थांबा. इथे हसा, हसू आवाजात ऐकू येतं.

अक्का हसल्या. “फोनवरनं बहिऱ्यांना यंत्रं विकताय होय?”

“घरातलं दुसरं कुणी उचलतं, अक्का. ते बोलावून देतात.”

“आणि ही नावं कुठनं आणली?”

इथं उकिडवे जरा ताठ बसले. ही कल्पना त्यांची स्वतःची होती. त्यांनी बारा वर्षांपूर्वीची टेलिफोन डिरेक्टरी शोधून काढली होती. जुना फोन म्हणजे जुना माणूस, आणि जुना माणूस म्हणजे जुने कान. मालकानं त्यांची पाठ थोपटली होती.

अक्कांनी यादीचं पान मागितलं. चष्मा लावला नाही. पान डोळ्यांजवळ नेलं आणि बोट एकेका नावावरून उतरू लागलं.

“हा गेला.”

...

“ही गेली. हाही गेला. हा मुलाकडं नागपूरला गेला, तिथं गेला.”

“तुम्हाला कसं...?”

“माणूस गेलं की पहिला ट्रंक कॉल कुणाकडनं लागायचा, मास्तर? पोराला कळवायचं, बहिणीला कळवायचं. मीच जोडून द्यायची. रडणं सुरू झालं की कानावरचा हेडफोन काढायचा, असा नियम होता. मी काढत नव्हते.”

बोट पानाच्या तळाशी पोचलं. चाळीस नावांतली सतरा.

“बापाच्या नावचा फोन पोरं बदलून घेत नाहीत,” अक्का म्हणाल्या. “राहू दे म्हणतात. तुमच्या मुली सकाळपासनं मेलेल्यांना हाका मारतायत की.”

उकिडव्यांच्या कानात मुलींचं बोलणं घुमलं. त्या सांगत, ‘सर, नाव घेतलं की लोक रडतात.’ एकीनं सांगितलं होतं, समोरची बाई नुसती श्वास घेत राहिली. उकिडवे म्हणत, ‘तुझा स्वर उंच लागला असेल. पहिली ओळ सावकाश घे.’

तरी त्यांनी मान तुकवली नाही. चूक यादीची असेल, संवादाची नव्हे. ते म्हणाले, “ऐकणारा भेटला, तर हा संवाद वाया जाणार नाही. कुणालाही लावून बघा.”

“कुणालाही?”

“कुणालाही.”

अक्कांनी पुन्हा यादीवर बोट ठेवलं. “ह्यांना लावा.”

टेंबे नरहर वामन, वकील.

दुपारचे तीन वाजले असतील. मंदिराच्या आवारात कबुतरं होती, त्यांचा आवाज थांबला, असं उकिडव्यांना आठवतं. पण हेही त्यांनी नंतर घातलेलं असू शकेल.

पाचव्या घंटीला फोन उचलला गेला. बाईंचा आवाज, थकलेला.

“टेंबेसाहेब आहेत का?” उकिडव्यांनी पहिली ओळ सावकाश घेतली.

...

“वकीलसाहेब?” बाई म्हणाल्या. “थांबा हं. बोलावते.”

उकिडव्यांनी अक्कांकडं विजयानं पाहिलं. अक्का दाराकडं बघत होत्या.

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं दूर गेली, फरशीवरून, चपलांची. बराच वेळ काही नाही. मग दुसरी पावलं. जड. प्रत्येक दुसऱ्या पावलाला काठी टेकत होती. ती जवळ आली. रिसीव्हर उचलला गेला. श्वास ऐकू येऊ लागला.

“नमस्कार साहेब,” उकिडवे वाचू लागले. “घरातली माणसं हल्ली फार हळू बोलतात, असं तुम्हाला वाटू लागलंय का?”

“...हो.”

पुरुषाचा आवाज. कोरडा, जणू बरेच दिवस वापरात नव्हता.

“चार माणसांत बसूनही एकटं वाटतं का?”

“हो.”

उकिडव्यांच्या अंगावर आनंदाचा काटा आला. इतक्या सरळ ‘हो’ म्हणत आजवर कुणी पान एकच्या पुढं आलंच नव्हतं.

“आपल्याला कुणी हाक मारली तरी ती आपल्यापर्यंत पोचत नाही, असं होतं का?”

खूप वेळ श्वास.

“हो. होतं.”

कंसात लिहिलं होतं, इथे न थांबता पुढे जा. उकिडवे न थांबता पुढे गेले. “मग आमचा माणूस यंत्र घेऊन आपल्या घरी आला तर चालेल?”

“या,” आवाज म्हणाला. “तुम्हीच या.”

दहावा होकार. उकिडव्यांनी रिसीव्हरवर हात दाबला आणि खिशातून फॉर्म काढला. सहा मुली वाचल्या होत्या. निर्मलाचं घर तिच्याच पगारावर होतं, तेही वाचलं होतं. पेनाचं टोपण त्यांनी दातांनी उघडलं.

“हो म्हणाले, अक्का. चारही वेळा!”

“कोण?”

“टेंबे वकील. स्वतः.”

अक्कांनी दाराकडून नजर वळवली. मग म्हणाल्या, “तुमची ती डिरेक्टरी छापून आली ना, त्याच वर्षीच्या श्रावणात. मुंबईला मुलाचा नंबर मीच जोडून दिला. ‘बाबा गेले’ एवढंच बोलल्या टेंबेकाकू. ट्रंक कॉलच्या तीन मिनिटांतली उरलेली पावणेतीन मिनिटं दोघंही गप्प होते. मी लाइन धरून बसले होते.”

उकिडव्यांनी हात काढला. श्वास चालूच होता. तो वाट पाहत होता, पुढच्या प्रश्नाची असेल, किंवा कसलीच नसेल.

फॉर्मवर ‘टेंबे न.’ इथवर लिहून झालं होतं.

पान तीन, पान चार, शेवटचं पान... त्यांनी सगळी उलटली. ग्राहक फोन ठेवतच नाही, तेव्हा काय म्हणायचं, हे कुठंच लिहिलं नव्हतं. अक्कांनी हात पुढं करून ती पानं त्यांच्या मांडीवरून उचलली, घडी घातली आणि चटईखाली सारली.

“अक्का,” ते कुजबुजले, “मी काय बोलू?”

“बोललात की सगळं.”

“मग ठेवू का?”

त्यांचा हात ट्रंकेपर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा गेला. पुन्हा परत आला. पलीकडं काठी एकदा फरशीवर सरकली, उभ्या माणसानं पाय बदलावा तशी.

अक्का हसल्या नाहीत.

“इतके दिवस समोरचे ठेवत होते, मास्तर. आज तुम्ही ठेवा.”

*

शनिवारी उकिडव्यांनी मालकाला नऊच होकार सांगितले आणि डिरेक्टरीची अक्कल आपली होती, हेही सांगितलं. मालक शिव्या द्यायचा तेवढ्या देऊन थंड झाला. अक्कांनी खुणा करून दिलेली यादी घेऊन मुलींचं टेबल आणखी महिनाभर चालू ठेवायचं ठरलं, आणि ते पुढं चाललं. संवाद लिहिण्याचं काम तेवढं उकिडव्यांकडून काढून घेतलं. त्यांना दुकानात गिऱ्हाइकांच्या कानांची मापं घ्यायला बसवलं.

फोन त्या दुपारी शेवटी कुणी ठेवला, हे त्यांना आठवत नाही. बाहेर पडले तेव्हा मंदिरात आरती चालली होती, एवढं आठवतं.

नऊ वर्षांनी एक बाई आईला घेऊन दुकानात आल्या. पावतीसाठी आईचं नाव सांगताना त्या टेंबे म्हणाल्या. नरहर वकिलांची पुतणी. उकिडव्यांनी घाबरत घाबरत काकूंची चौकशी केली, मग तारीख सांगून तीच चौकशी पुन्हा केली. बाईंना बरोबर आठवत होतं, कारण काकूंच्या शेवटच्या दिवसांत त्याच त्यांना बघायला जात. काकू त्या वर्षी खुब्याचं हाड मोडून पडून होत्या आणि फोन त्यांच्या उशाशी स्टुलावर असे. पाणी द्यायला कामवाली यायची ती सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला. मधल्या वेळात काकू एकट्या, आणि घराला बाहेरून कुलूप असे.